फाइल तीच, वागणं वेगळं

कर्जतहून मुरबाडच्या रस्त्याला लागलं की काही किलोमीटरवर कडाव येतं. मुंबई-पुण्याच्या लोकांना हे गाव बाल दिगंबर गणेशाच्या देवळामुळे माहीत, आसपासच्या गाव-पाड्यांना बाजारपेठेमुळे. अशा बाजारपेठेत डीटीपीचं एखादं दुकान असतंच, आणि दुकानात एक जुना संगणक. त्याच्या पोटात लग्नपत्रिका, सत्यनारायणाची आमंत्रणं, टेनिस क्रिकेटच्या सामन्यांची पत्रकं, दशक्रियेची कार्डं, पतपेढीचे वार्षिक अहवाल. कोणाची मुलगी कुठे दिली, कोणत्या साली कोणतं मंडळ फुटलं, हे सगळं त्यात आहे. पण आज त्यातली एखादी फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडली तर वराचंही नाव दिसत नाही आणि वधूचंही. दिसते ती इंग्रजी अक्षरं, कंस, स्वल्पविराम आणि कुठलीकुठली चिन्हं यांची रांग.

याचं कारण या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. युनिकोडच्या १९९१च्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी होती, तिची मांडणी आपल्याच १९८८च्या इस्की संकेतावरून घेतलेली होती. पण छपाईच्या टेबलापर्यंत युनिकोड यायला पुढे बरीच वर्षं गेली. तोवर श्री-लिपी, सी-डॅकचे डीव्ही मालिकेतले फाँट, कृतिदेव यांवरच काम चालायचं. या फाँटांत ‘क’ नावाचं अक्षर फाइलमध्ये नसतंच. कृतिदेवच्या फाइलमध्ये असतो इंग्रजी ‘डी’, आणि फाँट त्या जागी क चं चित्र दाखवतो. फाँट काढला की चित्र गेलं, राहिला डी.

मग दोन रस्ते उरतात. एक, सगळ्या फायली एकदाच युनिकोडमध्ये बदलून टाकायच्या. दुसरा, फाइलला हात लावायचा नाही. ती वाचण्याची पद्धत बदलायची. प्रोग्रॅमने ‘पुढची ओळ दे’ म्हटलं की मधल्यामध्ये ओळ युनिकोड होऊन यावी आणि प्रोग्रॅमला या उलाढालीचा पत्ताही लागू नये. मी दुसऱ्या रस्त्याचा माणूस आहे. पर्ल या स्क्रिप्टिंगच्या भाषेत त्यासाठी एक सोय आहे: फाइल हँडलला, म्हणजे उघडलेल्या फाइलच्या नावाला, एखादा क्लास बांधायचा. ही सोय नेमकी कुठून आली, ती हँडलपर्यंत इतक्या उशिरा का पोचली, आणि तिला कुठे मर्यादा पडते, हे सांगण्यासारखं आहे.

सुरुवात अर्थातच युनिक्सपासून. १९६९ साली बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी पीडीपी-७ या यंत्रावर जी व्यवस्था उभी केली, तिच्यात डिस्कवरची फाइल, टर्मिनल आणि टेपचं यंत्र यांना एकाच तऱ्हेने वागवलं जायचं. उघडा, वाचा, लिहा, बंद करा. प्रोग्रॅमने काही उघडलं की त्याच्या हाती फाइल येत नाही, एक छोटा आकडा येतो. ० म्हणजे आत येणारा मजकूर, १ म्हणजे बाहेर जाणारा. २ हा आकडा नंतरचा, आणि त्याची गोष्ट डीटीपीवाल्यांना आवडेल अशी आहे. बेल लॅब्जमध्ये फोटोटाइपसेटर होता. काम चुकलं की चुकीचा संदेशही मजकुराच्याच वाटेने जायचा आणि महागड्या कागदावर सुबक टाइपात छापून यायचा. असं काही वेळा झाल्यावर चुकांसाठी २ ही वेगळी वाट काढली, असं तिथले लोक सांगतात. १९७३ साली डग मॅकइलरॉय यांच्या आग्रहावरून थॉम्प्सननी पाइप बसवला, आणि एका प्रोग्रॅमचं बाहेर जाणं हे दुसऱ्याचं आत येणं झालं.

यातली खुबी अशी की लिहिणाऱ्याला पलीकडे काय आहे हे कळत नाही, कळायची गरजही नसते. आमच्याकडे राजनाल्याचं पाणी उन्हाळी भाताला मिळतं. हे पाणी घाटमाथ्यावरच्या धरणातून निघतं, टाटांच्या १९२२ सालच्या भिवपुरीच्या वीजघरात वीज करतं, पेज नदीत उतरतं आणि मग नाल्याला लागतं. शेतात पाणी घेणाऱ्याला वीजघर माहीत असायची गरज नाही. पाणी आलं म्हणजे झालं. युनिक्सने प्रोग्रॅमला नेमका हाच आराम दिला.

पण एक गोष्ट युनिक्सने दिली नव्हती. नव्या तऱ्हेची ‘फाइल’ बनवायची तर ती कर्नलमध्ये, म्हणजे व्यवस्थेच्या गाभ्यात, हात घालणाऱ्यालाच बनवता यायची. साध्या प्रोग्रॅमरने फक्त वापरायचं. १९७९च्या सातव्या आवृत्तीबरोबर आलेल्या स्टँडर्ड इनपुट-आउटपुट लायब्ररीने मध्ये साठवणीची टाकी दिली, काम वेगवान केलं, पण वागणं बदलायची किल्ली दिली नाही. सी++ मध्ये जेरी श्वार्ट्झ यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस प्रवाहांची जी रचना केली, तीत ही किल्ली होती: टाकी भरली की काय करायचं आणि रिकामी झाली की कुठून भरायचं, हे तुम्ही आपल्या क्लासमध्ये लिहा. रचना उत्तम होती. पण ती वापरायला सी++ यावं लागायचं, आणि गावोगावचा मजकूर चाळणारी माणसं सी++ च्या वाटेला जात नव्हती. ती स्क्रिप्ट लिहीत होती.

लॅरी वॉल यांनी पर्ल १८ डिसेंबर १९८७ रोजी जगापुढे ठेवली. वॉल भाषाशास्त्र शिकलेले, आणि काम होतं अहवाल काढण्याचं: इथून-तिथून ओळी गोळा करायच्या, त्यांतून हवं ते निवडायचं, नीट मांडून छापायचं. फाइल हँडल या भाषेत पहिल्या दिवसापासून आहे. मोठ्या अक्षरांतलं एक नाव, कोनी कंसात घातलं की ओळ मिळते. फाइलच्या नावाच्या शेवटी पाइपची उभी रेघ दिली, तर पर्ल ती फाइल न मानता आज्ञा मानते, ती चालवते आणि तिचं उत्तर हँडलमधून वाचू देते. म्हणजे हँडलच्या पलीकडे काय असेल ते पर्लमध्ये आधीपासून बदलता येत होतं, पण जे दोन-तीन प्रकार लेखकाने ठरवून दिले होते तेवढ्यांतच.

मोकळीक आली ती दुसऱ्याच दारातून. थॉम्प्सननीच लिहिलेली डीबीएम नावाची एक लहानशी साठवण सातव्या युनिक्सबरोबर आली होती: किल्ली द्या, किंमत घ्या. पर्लमध्ये हॅश नावाचा जो जोड्यांचा संग्रह असतो तो याच आकाराचा. म्हणून पर्लच्या जुन्या आवृत्त्यांत एक आज्ञा होती, जिने हॅश थेट डीबीएमच्या फाइलला जोडला जायचा. हॅशमध्ये लिहिलं की डिस्कवर लिहिलं गेलं. लोकांना हे इतकं आवडलं की त्यांनी लगेच विचारायला सुरुवात केली, डीबीएमच का? दुसरी साठवण का नाही? आणि डीबीएमच्या एकाच अवताराला प्रोग्रॅम बांधला जात असल्याने दोन वेगवेगळ्या अवतारांशी एकाच वेळी बोलता येत नव्हतं.

पर्ल ५ ने १७ ऑक्टोबर १९९४ रोजी याचं जे उत्तर दिलं ते विचारलेल्या प्रश्नापेक्षा मोठं होतं. या आवृत्तीत क्लास आणि ऑब्जेक्ट आले, आणि त्यांच्याबरोबर ‘टाय’ ही आज्ञा. एखाद्या व्हेरिएबलला क्लास बांधा. मग त्या व्हेरिएबलमधून काही घेतलं की क्लासमधली एक मेथड चालते, त्यात काही ठेवलं की दुसरी. डीबीएम हा आता अनेकांतला एक क्लास झाला. पर्लच्या मूळ सी-कोडमध्ये या यंत्रणेचं अधिकृत नाव ‘मॅजिक’ असं आहे, आणि जादूच्या प्रत्येक प्रकाराला एकेक अक्षर दिलेलं आहे. साध्या बांधलेल्या व्हेरिएबलचं आणि बांधलेल्या हँडलचं अक्षर एकच, ‘क्यू’. इतक्या रुक्ष कामाच्या भाषेत जादू हा शब्द सरकारी कागदासारखा नोंदवलेला पाहून मला अजून गंमत वाटते.

मात्र १९९४ मध्ये ही सोय हँडलला मिळाली नाही. साधी व्हेरिएबलं, ॲरे, हॅश यांनाच. कारण पर्लमध्ये तेव्हा हँडल हे व्हेरिएबलांच्या पंगतीतच नव्हतं. ते नुसतं एक नाव होतं, चिन्हांच्या तक्त्यात एका कोपऱ्यात बसलेलं. ते सरळ एखाद्या व्हेरिएबलमध्ये ठेवता येत नव्हतं, फंक्शनला देताना नावापुढे तारा लावून अख्खा कोपराच उचलून द्यावा लागायचा. आज सगळे जसं हँडल साध्या व्हेरिएबलमध्ये उघडतात, ती सोय २०००च्या ५.६ आवृत्तीतली. १५ मे १९९७ रोजी ५.००४ आवृत्ती आली तेव्हा ‘टायहँडल’ अधिकृतपणे मिळालं, आणि बांधतानाही तारा लावलेलंच नाव द्यावं लागलं. सुरुवातीला मेथडी थोड्या होत्या: छापणं, आकृतिबंधाने छापणं, ठरावीक बाइट वाचणं, एक ओळ वाचणं, एक अक्षर वाचणं. फाइलमध्ये पुढे-मागे सरकणं, फाइल संपली का हे विचारणं वगैरे पुढच्या आवृत्त्यांत आलं. या मेथडींची नावं सगळी मोठ्या अक्षरांत, कारण त्या तुम्ही बोलावत नाही, पर्ल बोलावते.

पर्लच्या दस्तऐवजात याचा एक नमुना दिलेला असतो, ‘शाउट’ नावाचा क्लास. त्याला बांधलेल्या हँडलवर काहीही छापलं की ते कॅपिटल अक्षरांत बाहेर पडतं. इंग्रजीपुरता तो खेळ बरा आहे. देवनागरीला कॅपिटल नाही, त्यामुळे आपल्याकडे तो नमुना शिकवणारा पहिल्याच पानावर अडतो.

ही सोय खरी कुणाच्या कामी आली? वेबवाल्यांच्या. १९९३ पासून वेबसाइटचं पान बनवणारे छोटे प्रोग्रॅम सीजीआय पद्धतीने चालायचे: दर मागणीला सर्व्हर नवा प्रोग्रॅम सुरू करणार, प्रोग्रॅम स्टँडर्ड आउटपुटवर छापणार, सर्व्हर ते उचलून वाचकाला देणार. यात हजारो पर्ल स्क्रिप्टा लिहिल्या गेल्या, आणि दर वेळी पर्ल नव्याने सुरू होण्यात सर्व्हरचा दम निघायचा. १९९६ मध्ये मॉड-पर्ल आलं, म्हणजे पर्लच अपाची सर्व्हरच्या आत बसवली. वेग मिळाला, पण आता छापलेलं जायचं कुठे? पलीकडे पाइपच उरला नव्हता. आधी त्यासाठी एटी अँड टीची एसएफआयओ नावाची वेगळी लायब्ररी घालून अख्खी पर्ल पुन्हा बांधावी लागायची. ५.००४ आल्यावर स्टँडर्ड आउटपुट अपाचीच्या क्लासला बांधलं आणि काम मिटलं. जुनी स्क्रिप्ट पूर्वीसारखीच प्रिंट करत राहिली. छापलेलं सरळ सर्व्हरच्या हाती पडू लागलं. जुन्या प्रोग्रॅमची एक ओळही न बदलता त्याला नव्या घरात नांदवणं हा या तंत्राचा सगळ्यात मोठा पराक्रम आहे, आणि आमच्या जुन्या फायलींनाही नेमकं हेच हवं होतं.

आता त्या फायलींकडे. आमच्या भागात श्री-लिपी जास्त चालली, पण समजावायला कृतिदेव सोपा, कारण त्याचे संकेत मराठी-हिंदी टाइपरायटरच्या कळांवर जवळजवळ तसेच बसलेले आहेत. कृतिदेवमध्ये ‘कडाव’ म्हणजे डी, मोठा एम, के, ओ. चार अक्षरं, चार बाइट. युनिकोडमध्येही क, ड, काना, व असे चारच संकेत, पण यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक संकेत तीन बाइट घेतो, म्हणून बारा बाइट. इथे काम सोपं आहे: एकाच्या जागी एक ठेवत जायचं.

‘कर्जत’ला पहिली ठेच लागते. टाइपरायटरवर रफार हा ज्या अक्षरावर बसतो ते टंकून झाल्यावर मारतात. म्हणून फाइलमध्ये क्रम आहे: क, ज, रफार, त. म्हणजे डी, टी, मोठा झेड, आर. युनिकोडमध्ये र् उच्चाराच्या जागी, ज च्या आधी यायला हवा: क, र, हलन्त, ज, त. तेव्हा झेड दिसला की मागे जाऊन एक पूर्ण जोडाक्षर ओलांडायचं आणि र् तिथे घुसवायचा. त्या जोडाक्षरावर मात्रा असतील तर त्याही ओलांडायच्या, नाहीतर ‘मूर्ती’ची मोडतोड होते.

‘भिवपुरी’ याहून वाईट. फाइलमध्ये ते एफ, मोठा एच, के, ओ, आय, क्यू, जे, एच असं पडतं. एफ म्हणजे पहिली वेलांटी, कारण कागदावर ती अक्षराच्या डावीकडे असते आणि टाइपरायटर डावीकडून उजवीकडे जातो. मोठा एच म्हणजे अर्धा भ्. त्यापुढचा के म्हणजे उभा दंड, तो अर्ध्या भ् ला लागला की पूर्ण भ होतो. हाच के पूर्ण अक्षरानंतर आला तर मात्र तो काना. म्हणजे ‘कडाव’मधला के आणि ‘भिवपुरी’मधला के दिसायला एक, कामाने दोन. तेव्हा आधी अर्धं अक्षर आणि दंड यांची जोडी शोधायची, मगच उरलेल्या दंडाला काना म्हणायचं, आणि हे सगळं होईपर्यंत ती पहिली वेलांटी हातात धरून थांबायचं. ‘स्थिती’मध्ये ती स्थ हे अख्खं जोडाक्षर पुरं होईपर्यंत धरावी लागते.

थांबणं, मागे जाणं, धरून ठेवणं या सगळ्यामुळे क्लासमध्ये कोणती मेथड आधी लिहायची हे आपोआप ठरतं. ओळ वाचणारी. शब्द ओळीच्या आत पुरा होतो, त्यामुळे अख्खी ओळ हातात असली की वेलांटी आणि रफार कुठेही उड्या मारोत, हिशेब जमतो. ठरावीक बाइट वाचणारी मेथड मात्र जपून लिहावी लागते. समजा, मागणाऱ्याने ४,०९६ बाइट मागितले. शुद्ध देवनागरी मजकुरात तीनाने भागून एक बाइट उरतो, म्हणजे शेवटचं अक्षर चिरलं जाणार. शिवाय आतले किती बाइट वाचले की बाहेर ४,०९६ होतील, हे आधी सांगताच येत नाही. मग ऑब्जेक्टमध्ये एक शिल्लक ठेवावी लागते: ओळी बदलून तिच्यात टाकायच्या आणि मागितलं तेवढंच, अक्षर न चिरता, बाहेर द्यायचं. क्लासला स्वतःची आठवण असते याचा फायदा इथे कळतो. नुसत्या फंक्शनला ही शिल्लक ठेवायला बाहेर कुठेतरी जागा शोधावी लागली असती.

मराठीचं एक खास दुखणं याच टप्प्यावर उघडं पडतं. ‘डोंगरदऱ्या’तला आडवा ऱ्. हिंदीला तो लागत नाही, म्हणून हिंदीवरून केलेले रूपांतराचे बरेच तक्ते तो गाळतात किंवा त्याचा रफार करतात, आणि कर्जतच्या दऱ्यांचा ‘दर्या’ होतो. युनिकोडमध्ये त्याच्यासाठी ऱ आणि हलन्त अशी जागा आहे. पण र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह अशा दुसऱ्या मार्गानेही तोच आकार पडद्यावर येतो. दिसायला दोन्ही एक, शोधायला वेगळे. एका फाइलमध्ये एक आणि दुसरीत दुसरा असेल तर ‘कऱ्हाड’ शोधणाऱ्याला निम्मीच कऱ्हाडं सापडतात. क्लासने एकच रूप ठरवावं आणि ते कधी सोडू नये. मी ऱ चं धरतो.

आणखी एक खोडी. काही फायली मधल्या काळात कुणीतरी नव्या एडिटरमध्ये उघडून, काही न समजून, सेव्ह करून ठेवलेल्या असतात. एडिटरने जुन्या आठ बिटांच्या संकेतांना विंडोजची युरोपी चिन्हं समजून त्यांचं यूटीएफ-८ केलेलं असतं. एकाचे दोन-तीन बाइट झालेले. अशा फाइलवर तक्ता लावला की कचऱ्यातून नवा कचरा निघतो. म्हणून आतलं खरं हँडल कच्च्या बाइटांनीच उघडायचं, फाइल शुद्ध यूटीएफ-८ म्हणून वाचता येते का ते पाहायचं, येत असेल आणि तिच्यात वरची चिन्हं असतील तर आधी ती पायरी उलटवायची. बाहेर ओळ मागणाऱ्याला यातलं काही दिसत नाही, आणि ते योग्यच आहे.

आता दोष. पहिला आणि सगळ्यात मोठा: ही बांधणी फक्त पर्लच्या आत चालते. कर्नलला ती ठाऊक नाही. तुमच्या स्क्रिप्टने दुसरा एखादा प्रोग्रॅम सुरू केला, तर त्याच्या हाती तुमचा क्लास जात नाही, जुना १ हा आकडाच जातो. त्याने छापलेलं सगळं क्लासला बगल देऊन थेट पडद्यावर येतं. हे माहीत नसलेला माणूस दिवसभर आपल्या प्रिंट मेथडमध्ये चूक शोधत बसतो. दुसरा दोष: स्टँडर्ड आउटपुटला बांधलेल्या क्लासच्या आत पुन्हा त्याच हँडलवर छापलं की मेथड स्वतःलाच बोलावत राहते, आणि मेमरी संपेपर्यंत हेच चालतं. त्यावर उपाय म्हणजे बांधण्याआधी मूळ हँडलची प्रत काढून ती ऑब्जेक्टमध्ये जपून ठेवणं. तिसरा: पर्लमध्ये एक ओळ मागितली जाते तशी ‘आहेत त्या सगळ्या ओळी’ अशीही एकदम मागणी होते, आणि दोन्ही वेळा मेथड तीच चालते. कोणती मागणी आहे हे तिने विचारून घेतलं नाही तर सबंध अहवालातून पहिलीच ओळ हाती येते. चौथा दोष वेगाचा. प्रत्येक ओळीला मेथड बोलावण्याचा खर्च पडतो. लग्नपत्रिकांना तो जाणवत नाही. मोठ्या नोंदवह्यांना जाणवतो.

पर्लवाल्यांनाही हे दोष दिसत होते. १८ जुलै २००२ रोजी आलेल्या ५.८ आवृत्तीत वाचन-लेखनाचा पायाच नव्याने घातला गेला. ते मुख्यतः निक इंग-सिमन्स यांचं काम. ते २००६ मध्ये गेले. आता हँडलखाली थर रचता येऊ लागले: तळाशी बाइट, वर ओळीच्या शेवटाचा थर, त्यावर यूटीएफ-८ किंवा दुसऱ्या एन्कोडिंगचा थर. ‘वाइड कॅरेक्टर’ची तक्रार करणारा तो प्रसिद्ध इशारा पाहिलेल्या प्रत्येक मराठी प्रोग्रॅमरने नकळत या थरांशीच झटापट केलेली असते. त्याच आवृत्तीबरोबर ‘पर्लआयओ व्हाया’ आलं: थर स्वतः क्लास म्हणून लिहा. टायमध्ये हँडलचा वरचा चेहरा बदलतो. व्हायामध्ये हँडल खरंच राहतं, फक्त त्याच्या पोटातून जाणारा मजकूर बदलतो. नेहमीच्या एन्कोडिंगसाठी आज टाय वापरणं हा हट्टीपणा आहे, थर आहेत. पण जिथे ओळ हेच एकक आहे, मागे-पुढे पाहावं लागतं आणि जुना प्रोग्रॅम जसाच्या तसा चालवायचा आहे, तिथे मी अजूनही टायच वापरतो. त्याच वर्षी मार्क जेसन डॉमिनस यांचं ‘टाय फाइल’ पर्लमध्ये सामील झालं, तेही याच कुळातलं: फाइलच्या ओळी ॲरेसारख्या हाताळायच्या, सातवी ओळ बदलली की डिस्कवरची सातवी ओळ बदलली.

इतर भाषांनी या प्रश्नाला आपापली उत्तरं दिली. पायथनला बांधणीची गरजच पडली नाही. ज्या ऑब्जेक्टला लिहिण्याची मेथड आहे तो स्टँडर्ड आउटपुटच्या जागी ठेवा, काम झालं. सुबक आहे, मान्य करावं लागतं. पीएचपीने ४.३ मालिकेपासून क्लासला स्वतःचा पत्ता दिला: तुम्ही एक उपसर्ग नोंदवायचा आणि त्या उपसर्गाने उघडलेली प्रत्येक ‘फाइल’ तुमच्या क्लासकडे यायची. टीसीएलमध्ये ही सोय २००७च्या ८.५ आवृत्तीत आली. आणि लिनक्सच्या कर्नलमध्ये २००५ पासून असलेल्या फ्यूजने मूळ अडचणच मिटवली: फाइल व्यवस्थाच साध्या प्रोग्रॅममध्ये लिहा, म्हणजे कोणत्याही भाषेतला, कोणाचाही प्रोग्रॅम तुमच्या कल्पनेतली फाइल खरी मानून उघडेल. एका लग्नपत्रिकेसाठी मात्र फ्यूजपर्यंत जायची गरज नाही.

एकदाच सगळ्या फायली बदलून मोकळं व्हायचं का नाही, हे मला नेहमी विचारलं जातं. कारण तक्ते चुकतात. आडव्या ऱ् ची चूक आज कळली, श्री-लिपीच्या एखाद्या जुन्या फाँटमधल्या ‘ज्ञ’ची उद्या कळेल. फायली बदलून मूळ फेकून दिल्या असतील, तर गेलेला ऱ् परत आणायला काही उरत नाही. ‘दर्या’ लिहिलेलं पाहून ते आधी ‘दऱ्या’ होतं की समुद्रच होता हे कुणी सांगायचं? क्लासमधून वाचलं असेल तर तक्ता एका जागी दुरुस्त होतो आणि पुढच्या वाचनापासून सगळ्या फायली दुरुस्त वाचल्या जातात. डिस्कवर टंकणाऱ्याने टंकलेलं तसंच राहतं.

कर्जत-खालापुरात, किंवा कुठेही, जुनं डीटीपीचं दुकान चालवणाऱ्यांना म्हणून एवढीच विनंती आहे. संगणक भंगारात देण्याआधी फायली पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. रूपांतर करून घेतलंत तरी मूळ फाइल टाकू नका. फाँटची फाइल त्याच फोल्डरमध्ये ठेवा, आणि शेजारी एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये फाँटचं पूर्ण नाव, आवृत्ती आणि कळफलक कोणता होता ते लिहून ठेवा. ही एक ओळ नसेल, तर कुठला तक्ता लावायचा हे कुठल्याही क्लासला कळणार नाही.